अप्पांच्या मयताचे रिटेक

माझे वडील आधी सिनेमात मेले आणि तो सिनेमा पडद्यावर यायच्या आत खरोखरच मेले. क्रम असा लागल्यामुळे जो घोळ झाला तो मी आजही लोकांना समजावून सांगत असते. समजावून सांगताना मला फारसं काही वाटत नाही. तेव्हाही वाटलं नव्हतं.

आमचं सोलापुरात, नवी पेठेत कापडाचं दुकान आहे. शर्टाचं कापड, पॅन्टचं कापड, अस्तर, परकराचं कापड. अप्पा गल्ल्यावर बसायचे आणि मी काउंटरला. लग्न केलं नाही, नोकरी धरली नाही, कापड मोजत राहिले, आणि त्याचं मला वाईटही वाटत नाही. अप्पांना आपण फार विनोदी आहोत असं वाटायचं. गिऱ्हाईक विचारायचं, "रंग जाणार नाही ना?" अप्पा म्हणायचे, "जाऊन जाऊन जाईल कुटं? तुमच्याच घरात ऱ्हाईल की." मग आमच्याकडे बघायचे. मी मीटर काढून पुढचं कापड मोजायला घ्यायची. अव्वा, म्हणजे माझी आई, दुकानात असली तर ती त्यांचं वाक्य त्यांच्या आधीच पुरं करून टाकायची. त्यांच्या विनोदाला हसायची आमच्या घरात पद्धतच नव्हती.

माझ्या आतेभावाने सिनेमा काढायचं ठरवलं तेव्हा घरात कुणी ते मनावर घेतलं नाही. हा मुलगा पुण्यात जाहिराती करायचा, मध्येच सोलापुरात यायचा आणि भाकरी खाता खाता मोठमोठ्या गोष्टी सांगायचा. या वेळची गोष्ट अशी होती: पेठेतला एक कापडवाला आजोबा सिनेमा सुरू झाल्या झाल्या मरतो, पण जात नाही. दुकानातच बसून राहतो. तो दिसतो फक्त एका मुलीला, शहराच्या पूर्व भागातल्या तेलुगू विणकराच्या मुलीला. तिचं आणि आजोबाच्या नातवाचं जमवून दिल्याशिवाय त्याची सुटका नाही. आजोबा गायला लागला की कापडाचे तागे आपोआप उलगडतात, काचेआडचे पुतळे नाचतात आणि गाण्याचा ठेका धरतो पॉवरलूम. "प्रेम हाय, भूत हाय, गाणी हायती, हसायला तर लईच हाय," असं त्याने अव्वाला सांगितलं. अव्वा म्हणाली, "आणि बघायला कोण हाय?"

आजोबाच्या कामासाठी पुण्याचे एक नट ठरले होते. शूटिंग एप्रिलमध्ये आणि सोलापुरात, हे कळल्यावर त्यांची तब्येत बिघडली. आतेभाऊ दुकानात येऊन डोक्याला हात लावून बसला. तेवढ्यात एक बाई परकराचं कापड घ्यायला आली आणि अप्पांनी तिला ते रंगाचं वाक्य ऐकवलं. आतेभावाने मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं.

"मामा, तुमीच करा की."

"मरायचंच हाय ना?" अप्पा म्हणाले. "त्यात काय शिकायचंय!"

अव्वा तिथेच होती. असलं अभद्र बोलू नका म्हणून तिने दोघांनाही झापलं.

मग आमच्याच दुकानात शूटिंग सुरू झालं. सिनेमात ते तागे जादूने उलगडतात. प्रत्यक्षात दोन माणसं वर माळ्यावर बसून ते खाली सोडायची, आणि प्रत्येक शॉट झाला की ते गुंडाळायचं काम माझ्याकडे. जादूचा माझा अनुभव एवढाच. हिरो मुंबईचा होता. गोरा, गुणी आणि दुकानाच्या कामाला अगदीच निरुपयोगी. कापड फाडायचं साधं काम त्याला जमेना. अप्पांनी त्याला दिवसभर शिकवलं. कात्रीने जरासा काप द्यायचा आणि मग दोन्ही हातांनी टर्रकन ओढायचं. त्याने इतकं अस्तर फाडलं की पुढे वर्षभर मी ते तुकडे पिशव्या शिवणाऱ्या बायकांना वाटत होते. हिरोईनने एकदा अप्पांना विचारलं, "काका, तुम्ही काकूंच्या प्रेमात कसे पडलात?" अप्पा म्हणाले, "पडायला येळ कुटं होता? दुकान होतं की." ती पोट धरून हसली. अप्पांनी तेवढ्यात माझ्याकडे पाहिलं.

एक गाणं अप्पांनी स्वतः गायलं. सोमवारी मठात भजनाला जायचे, त्यामुळे आवाज चांगला तापलेला होता, पण ताल सोडून कुठेतरी लांब फिरून यायची त्यांना सवय होती. संगीत करणारा मुलगा पहिल्या दिवशी रडकुंडीला आला. दुसऱ्या दिवशी त्याने तालच त्यांच्या मागे धाडला. लूमचा खटाक खटाक आवाज त्यांच्या गाण्याच्या मागून येतो तो त्यामुळे. पुढे पुण्याच्या एका पेपरात याला 'धाडसी प्रयोग' म्हटलं होतं.

आता त्या मयताच्या सीनबद्दल. त्यासाठी आमच्या दोन रीती सांगाव्या लागतील. आमच्या लिंगायतांत माणूस गेला की त्याला आडवं नेत नाहीत. आंघोळ घालून, कपाळभर विभूती लावून, फुलांनी सजवलेल्या खुर्चीत बसवतात आणि पुढे भजन म्हणत रुद्रभूमीकडे घेऊन जातात, तिथे पुरतात. ही एक. दुसरी रीत पेठेची. पेठेतला व्यापारी गेला की त्याला पेठेतून नेतात, आणि खुर्ची किंवा तिरडी समोर आली की प्रत्येक दुकानदार आपलं शटर अर्धं खाली ओढतो आणि हात जोडून बाहेर उभा राहतो. मयत पुढे गेलं की शटर परत वर. यात जात-धर्म कुणी बघत नाही. अप्पांनी हे आयुष्यभर केलं. ऐन लग्नसराईत दुकानात बस्त्याची गर्दी असली तरी ते उठायचे, शटर ओढायचे आणि गिऱ्हाइकांनाही उभं करायचे.

आतेभावाला पेठेत रीतसर शूटिंग करायची परवानगी मिळाली नाही. मग त्याने समोरच्या साड्यांच्या दुकानाच्या माडीवर कॅमेरा लपवला, आमच्याच मठाची भजनी मंडळी बोलावली, अप्पांना विभूती लावून खुर्चीत बसवलं आणि कुणाला काहीही न सांगता सकाळी खुर्ची पेठेत काढली. मी आणि अव्वा माडीवर कॅमेऱ्यामागे होतो.

पहिलं शटर कोपऱ्यावरच्या भांडीवाल्याने ओढलं. मग दुसरं, तिसरं. खडखड आवाज सगळ्या पेठेतून पुढे पुढे येत गेला. माणसं पायातली चप्पल काढून बाहेर आली. आमच्या शेजारचे होजिअरीवाले काका बनियनच्या खोक्यांमधून वाट काढत पळत आले. वाटेत फुलवाल्याकडून त्यांनी हार ओढून घेतला होता. हार घालताना ते खरोखर रडत होते. "सकाळी माझ्यासंगं च्या पिलाव की हो अप्पा!" असं काहीतरी म्हणत होते. आणि त्यांचं तोंड अगदी जवळ आल्यावर अप्पांनी हळूच डावा डोळा उघडला.

पुढच्या गोंधळाचं काय सांगू? काकांनी तोच हार काढून अप्पांच्या पाठीत हाणला. शिव्या झाल्या, हसणं झालं, सगळ्या पेठेला आतेभावाने चहा पाजला. तेवढ्यात कुणीतरी वळसंगला, अप्पांच्या गावी, फोन केला होता, त्यामुळे अप्पांचे धाकटे भाऊ जीपभर माणसं घेऊन रडत आले आणि भाऊ विभूती लावून चहा पितोय बघून तिथेच मटकन बसले. त्यानंतर तोच सीन पुन्हा पुन्हा घेतला. आता पेठेला मजा यायला लागली. शटर ओढताना जो तो कॅमेरा कुठे आहे बघायचा, रडायच्या जागी हसायचा. शेवटी आतेभावाने पहिलाच शॉट ठेवला, कारण त्यातलं दुःख खरं होतं. अप्पांना मी इतकं खूश कधी पाहिलं नव्हतं. अख्खी पेठ त्यांना हसली होती. रात्री जेवताना त्यांनी तीनदा विचारलं, "काकाचं तोंड बघितलंस का?" अव्वा म्हणाली, "भाकरी गार होऊ लालीय."

दिवाळी झाल्यावर एका दुपारी अप्पा घरी जेवले, आरामखुर्चीत बसले आणि परत उठले नाहीत. घर पेठेपासून लांब आहे. डॉक्टर आले, बघून गेले. मी दुकानदारांच्या ग्रुपवर लिहिलं, 'अप्पा गेले.' लगेच हसऱ्या चेहऱ्यांची रांग लागली. एकाने लिहिलं, 'अप्पा, परत रिटेक का?' मी लिहिलं, 'शूटिंग नाही. खरंच गेले.' त्यावर आणखी हसणं आलं. मी होजिअरीवाल्या काकांना फोन केला.

"आता न्हाई फसणार आमी," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात इतका आनंद होता. "अप्पाला दे फोन."

"काका, अप्पा गेले."

"हां हां. दे की. किती वाजता डोळा उघडणार हाय, इचार. च्या घेऊन उभा ऱ्हातो."

मी फोन ठेवला. वळसंगच्या काकांना पटवायला अव्वाला बोलावं लागलं, आणि तिच्याही बोलण्यावर त्यांचा पहिल्यांदा विश्वास बसला नाही. त्या दुपारी मी 'अप्पा गेले' हे दोन शब्द इतक्या वेळा आणि इतक्या जणांना सांगितले की नंतर नंतर ते माझ्या तोंडात निव्वळ आवाज होऊन राहिले. कापड मोजताना एखादा आकडा पुन्हा पुन्हा म्हटला की त्याचा अर्थ जातो, तसं. मलाच ते खरं वाटेना.

खुर्ची पेठेत आली तेव्हा पुढे तेच भजन होतं आणि म्हणणारी माणसंही तीच, मठाची. विभूती तशीच, खुर्ची तशीच. मी मागून चालत होते आणि अव्वा रिक्षात. एकही शटर खाली आलं नाही. लोक दुकानांच्या दारात येऊन हसत उभे राहिले. मोबाइल वर झाले. कुणीतरी ओरडलं, "अप्पा, कॅमेरा तिकडं हाय!" कुणी टाळ्या वाजवल्या. मी सांगायला हवं होतं, पण काय सांगणार? दुपारभर तेच सांगत होते.

होजिअरीवाले काका बाहेर आले. त्यांच्या हातात खरंच चहाचा कप होता. ते खुर्चीसोबत चालायला लागले, वाकून अप्पांच्या तोंडाशी तोंड नेलं आणि हसत वाट बघत राहिले. मीही बघत राहिले. हे मी कुणाला सांगितलेलं नाही, पण मीही त्या डाव्या डोळ्याकडे बघत होते. मग काकांनी अप्पांच्या हातावर हात ठेवला. कप त्यांच्या हातातून पडला. ते मागे वळून आपल्या दुकानाकडे धावले आणि शटर ओढलं, अर्धं नाही, जमिनीपर्यंत. तोवर खुर्ची पेठेच्या टोकाला गेली होती.

पुरेपर्यंत मी तो डोळा बघत होते. माती पडली. मी घरी आले, आंघोळ केली. मला रडू आलं नाही. तिसऱ्या दिवशी दाखला काढायला गेले, नंतर दुकान उघडलं, एका बाईला पाच मीटर अस्तर दिलं. लोक म्हणाले, पोरगी खंबीर आहे. खंबीर वगैरे काही नव्हते. माझ्या आत कुणी घरी नव्हतं.

पेठेतले लोक भेटायला आले. मान खाली घालून सतरंजीवर बसले. "आमाला वाटलं शूटिंग हाय," एकेक जण म्हणाला. अव्वाने सगळ्यांना पाणी दिलं. ते गेल्यावर मला म्हणाली, "सगळ्यांसाठी उटत होते ते. सगळ्यांसाठी. आणि त्यांच्यासाठी एक शटर पडलं न्हाई." तेव्हापासून तिने पेठ सोडली. दुकानात येईना. कुठे जायचं झालं तर रिक्षावाल्याला लांबच्या रस्त्याने घ्यायला लावायची. होजिअरीवाल्या काकांची बायको संक्रांतीला तिळगूळ घेऊन आली, तिचा डबा तसाच परत गेला. आपला माणूस बिनमानाचा गेला, हे तिने मनात घट्ट धरलं होतं आणि मला काहीच धरता येत नव्हतं. घरात आम्ही दोघीच, आणि एकमेकींच्या काही उपयोगाच्या नव्हतो.

सिनेमा तयार झाला तेव्हा आतेभाऊ येऊन अव्वासमोर बसला. खूप वाळला होता.

"मामी, तो सीन मी काढून टाकतो. तुमी फक्त हो म्हणा."

मला वाटलं, ती लगेच हो म्हणेल. मी तर म्हटलंच, काढ.

"आदी मला बघू दे," अव्वा म्हणाली. "लोकांत बसून बघते. मग सांगते."

म्हणून सीन राहिला. शुक्रवारी सिनेमा पुण्यात लागला. मोबाइलवर लोक काय काय लिहून पाठवत होते. गाणी गोड आहेत, हिरो लाकडी आहे, भूत सिनेमा खाऊन टाकतं. एका पेपरने आमच्या बोलण्याला 'रांगडा ग्रामीण बाज' म्हटलं. सोलापूर हे शहर आहे हे पुण्याला कोण सांगणार? सगळ्यांनी एक गोष्ट मात्र लिहिली होती, की अंत्ययात्रेच्या सीनला थिएटर हसून हसून कोसळतं. मी ते वाचलं, फोन बाजूला ठेवला आणि पोळ्यांची कणीक मळली.

सोलापुरात रविवारचा दुपारचा खेळ होता. पेठ जवळजवळ सगळी आली होती, बायकापोरांसकट. न येऊन सांगतील कुणाला? आम्ही आत शिरलो तेव्हा बोलणं बंद झालं. अव्वा कुणाकडे न बघता चालत गेली आणि मधल्या रांगेत बसली. मी तिच्या शेजारी. माझ्या दुसऱ्या बाजूला अक्कलकोटकडची कुणी बाई होती, मांडीवर लहान मुलगी. पेठेशी तिचा काही संबंध नव्हता, सिनेमा बघायला आली होती.

अप्पा पडद्यावर आले, मेले, आणि खुर्ची पेठेत निघाली. पहिलं शटर पडलं. मग एकेक करत सगळी. त्या मोठ्या स्पीकरमधून तो खडखडाट अंगावर आला. पडद्यावर माणसं चप्पल काढून उभी होती, तीच माणसं आमच्या पुढेमागे बसली होती. पुण्यात हसून कोसळणारा सीन, आणि इथे श्वासाचाही आवाज नाही. काका हार घेऊन पळत आले. अप्पांनी डोळा उघडला. कुणीही हसलं नाही. उलट पुढच्या रांगेतला भांडीवाला उठून उभा राहिला आणि त्याने पडद्यासमोर हात जोडले. मग त्याच्या शेजारचा उठला. बघता बघता अर्धं थिएटर हात जोडून उभं. कुठेतरी हुंदके ऐकू येऊ लागले. मी त्या जोडलेल्या हातांकडे बघत होते आणि विचार करत होते की घरी जाताना दूध घ्यायचंय.

"खाली बसा की!" अव्वा ओरडली. "दिसंना झालंय मला."

लोक मागे वळले.

"बसा. आणि हसा की वो," ती म्हणाली. तिचा आवाज फाटला होता. "मरून मरून कितीदा केलंय त्यांनी ते. आमी तर कदी हसलोच न्हाई. तुमी तरी हसा."

लोक बसले. पडद्यावर आजोबा खुर्चीतून उतरला होता, कुणालाच दिसत नव्हता, आणि आपल्याच मयताच्या मागून गात चालला होता. मध्येच थांबून तो एका दुकानदाराच्या तोंडासमोर उभा राहिला आणि खेकसला, "शटर काय वडतोस बे? लग्नसराई हाय! गिऱ्हाईक परत चाललंय, उघड की!" हे वाक्य कागदावर नव्हतं. नंतर आतेभावाने सांगितलं, मागाहून घेतलेल्या एका शॉटमध्ये अप्पांनी ते स्वतःच घातलं होतं. मला ठाऊक नव्हतं, अव्वालाही नव्हतं.

आधी होजिअरीवाले काका हसले. ते हसणं होतं की काय होतं देव जाणे, पण आवाज मोठा होता. मग मागची रांग, मग सगळेच. अप्पा एकेका शटरपुढे जाऊन शिव्या घालत होते आणि पेठ डोळे पुसत हसत होती. अव्वाने तोंडात पदर कोंबला होता आणि तिचे खांदे गदागदा हलत होते. आणि मी हसले. अप्पांच्या विनोदाला, आयुष्यात पहिल्यांदा. पोटातून, आवाज करून. हसता हसता मी दुसऱ्या बाजूला वळले, त्यांना सांगायला, की अप्पा, बघा, सगळे हसले.

तिथे ती अक्कलकोटची बाई होती. मी तिच्याशीच बोलायला वळलेय असं तिला वाटलं. डोळ्यातलं पाणी पुसत ती म्हणाली, "कोन हो हे म्हातारं? लई गोड मानूस हाय."

"माझे अप्पा," मी म्हटलं. "गेले."

तिचं हसू जागच्या जागी थांबलं. "अगं बाई," ती म्हणाली आणि मुलीला एका हाताने सावरून दुसऱ्या हाताने तिने माझा हात धरला. पुन्हा सांगावं लागलं नाही. एकदाच सांगितलं आणि तिला ते खरं वाटलं. मग मलाही वाटलं. सगळं थिएटर हसत होतं आणि मी त्या अनोळखी बाईचा हात धरून रडत होते.